पिंपात काय आहे, ते विचारा

२१ नोव्हेंबर २०२४, गुरुवारची संध्याकाळ. सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात, शाळगाव औद्योगिक वसाहतीतील म्यानमार केमिकल कंपनी या खताच्या कारखान्यात रिॲक्टरचा स्फोट झाला आणि विषारी वायू पसरला. तीन माणसे दगावली. त्यांत दोन कामगार स्त्रिया होत्या. एक सांगली जिल्ह्यातील, तर दुसरी सातारा जिल्ह्यातील. आणखी नऊजणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. तो वायू अमोनिया असावा, असे पोलिसांनी त्या वेळी सांगितले होते.

अशी बातमी वाचली की आपण हळहळतो आणि पान उलटतो. परंतु आपल्या वस्तीतील किती भाऊ-बहिणी रोज डबा घेऊन अशा कारखान्यांत जातात, याचा हिशेब मांडला तर पान उलटवणार नाही.

धोका आपल्या शेजारीच आहे

रसायन म्हटले की मुंबई-ठाण्याकडचे मोठमोठे कारखाने डोळ्यांसमोर येतात. कऱ्हाड, वाळवा, पलूसच्या माणसाला ती गोष्ट लांबची वाटते. पण उसाचा रस स्वच्छ करण्यासाठी साखर कारखान्यात गंधक जाळून त्याचा वायू वापरतात. हा वायू छातीत गेला तर श्वास कोंडतो. मळीच्या आणि सांडपाण्याच्या बंद टाक्यांत घातक वायू साठतात. तासगाव-मिरजेकडे बेदाणा ज्या शीतगृहांत ठेवतात, तशा मोठ्या शीतगृहांत गारव्यासाठी बहुधा अमोनियाच वापरतात. पाणीपुरवठ्याच्या केंद्रावर क्लोरीनची नळकांडी उभी असतात.

या प्रत्येक वायूचा स्वभाव निराळा. अमोनिया डोळे, नाक आणि फुप्फुसांतील ओलाव्यात विरघळून तेथेच भाजतो. क्लोरीन हवेपेक्षा जड असल्याने खड्ड्यात आणि सखल भागात दबा धरून बसतो. सांडपाण्याच्या टाकीतील हायड्रोजन सल्फाइडला कुजक्या अंड्यासारखा वास येतो. पण त्याचे प्रमाण वाढले की नाकच बधिर होते आणि वास येईनासा होतो. ‘आता वास गेला, उतरायला हरकत नाही,’ असे म्हणणाऱ्याचा तेथेच घात होतो.

टाकीत कोण उतरतो?

कोंडलेली हवा जीव घेते, हे आपल्या भागाला नवे नाही. सांगलीजवळच्या हरिपुरात जमिनीखालच्या पेवांत हळद साठवीत. पेव उघडल्याबरोबर कोणी आत उतरत नसे. आधी कोंडलेली हवा जाऊ देत. कारखान्याच्या टाकीला एवढी खबरदारी पुरत नाही. तळाशी गाळ ढवळला की नवा वायू सुटतो. कंदील सोडून हवा पाहावी, तर पेट घेणाऱ्या वायूचा भडका उडायचा. तेथे हवा मोजणारे यंत्र, श्वासाचा मुखवटा, कमरेला पट्टा आणि त्याचा दोर धरून बाहेर उभा असलेला माणूस लागतो. हे सर्व १९४८ च्या कारखाना कायद्यातच लिहिलेले होते.

तरीही माणसे मरतात, आणि बहुतेकदा एकटी मरत नाहीत. पहिला आत कोसळतो, त्याला काढायला दुसरा धावतो, दुसऱ्यासाठी तिसरा. माणुसकीने धावलेल्या माणसाचाही बळी जातो. म्हणून हे घराघरांत सांगितले पाहिजे : साधनाशिवाय आत उडी घेणे हे धाडस नव्हे. आधी आरडाओरड करा, ११२ किंवा १०८ ला कळवा, मगच दोर आणि मुखवटा घेऊन मदत करा.

आणि टाकीत उतरायला नेमके कोणाला सांगितले जाते, हा प्रश्नही विचारलाच पाहिजे. कायम कामगाराला नव्हे; कंत्राटी माणसाला, आणि गटाराची टाकी असेल तर ठरावीक जातीच्याच माणसाला. सुरक्षा साधनांशिवाय गटारात व मैल्याच्या टाकीत माणूस उतरविण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. असा मृत्यू झाल्यास वारसांना ३० लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितले. भरपाई हा वारसांचा हक्क आहे. पण गेलेला बाप त्या पैशाने परत येत नाही.

कायदा काय देतो?

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कामाचा आठवडा ४८ तासांवर आणणारी १९४६ ची दुरुस्ती त्यांच्याच खात्याची. थकलेल्या हाताकडून चूक होते आणि रसायनाजवळ चुकीला माफी नसते. म्हणून कामाचे तास हाही सुरक्षेचाच प्रश्न आहे.

१९८४ च्या डिसेंबरात भोपाळ येथे हजारो माणसे मेली. त्यानंतर १९८७ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि रसायनाची माहिती कामगारांना व शेजारच्या वस्तीला देणे मालकावर बंधनकारक झाले. त्या कायद्याची जागा आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली आहे. ती लागू झाली २१ नोव्हेंबर २०२५ रोजी. शाळगावच्या दुर्घटनेला त्याच दिवशी एक वर्ष पूर्ण झाले. आपल्या सुरक्षेविषयीची माहिती मालकाकडून मागण्याचा आणि धोका दिसल्यास तो मालकाच्या व निरीक्षकाच्या नजरेस आणण्याचा हक्क नव्या संहितेतही आहे. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणेही सक्तीचे आहे. हे पत्र मागून घ्या. अपघातानंतर ‘हा आमचा माणूसच नाही’ म्हणणाऱ्यांना तेच उत्तर आहे. दाद लागत नसेल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे लेखी तक्रार करा. शक्यतो एकट्याने नको, चौघांच्या सह्यांनी.

भगिनींनो, घरातून सुरुवात करा

कामावरून आलेल्या माणसाला आपण ‘जेवलात का’ म्हणून विचारतो. तसेच आणखी चार प्रश्न विचारा. पिंपात कोणते रसायन असते? अंगावर उडाले तर काय करायचे, हे कोणी सांगितले आहे का? बाहेर पडायची दुसरी वाट कोठे आहे? ती उघडी असते का? स्वतः कामाला जात असाल तर मुकादमाला हेच विचारा. पिंपावरील चित्र मुलांकडून समजून घ्या. कवटी म्हणजे विष, ज्वाळा म्हणजे पेट घेणारे, हात झिजवणारे थेंब म्हणजे भाजणारे.

कामाचे कपडे लेकरांच्या कपड्यांत धुऊ नका. रसायनाचे रिकामे पिंप स्वस्तात मिळते म्हणून पाणी साठवायला आणू नका. कितीही घासले तरी ते पिण्याच्या पाण्याचे होत नाही.

वायू सुटलाच तर वाऱ्याची दिशा पाहा आणि वाऱ्याला आडवे जाऊन बाहेर पडा. नाकातोंडावर ओला कपडा धरा. अमोनिया पाण्यात विरघळतो म्हणून तेवढी थोडी मदत होते, पण त्या भरवशावर थांबू नका. क्लोरीन असेल तर उंच जागा गाठा. डोळ्यांत गेल्यास चोळू नका. निदान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवा आणि डॉक्टरांना रसायनाचे नाव सांगा.

ते नाव सांगता यावे, म्हणूनच आधी विचारायचे. विचारणारा कामगार मुकादमाला उद्धट वाटेल. वाटू द्या. पिंपात काय आहे हे जाणून घेणे हा त्याचा हक्क आहे, आणि तो संध्याकाळी धडधाकट घरी यावा हा त्याच्या लेकरांचा.