रोवणीच्या महिन्यातल्या कादंबऱ्या

जुलैमध्ये कोणत्या कादंबऱ्या वाचायच्या हे आम्ही जूनच्या शेवटच्या आठवड्यात ठरवतो. वर्षातली सगळ्यांत अवघड यादी हीच. भंडारा जिल्हा धानाचा. पऱ्हे टाकलेले असतात, पावसानं जोर धरला की बांध्यांमध्ये चिखलणी सुरू होते आणि मग रोवणी संपेपर्यंत गावात कुणाला मान वर करायला फुरसत नसते. कविता येता-जाता वाचता येते, कथा एका बैठकीत संपते. कादंबरीला मात्र लागोपाठच्या संध्याकाळी लागतात. चार दिवस खंड पडला की कोण कुणाचा कोण हेच आठवत नाही, आणि पुस्तक तसंच उशाशी पडून राहतं. म्हणून या महिन्याची यादी करताना पुस्तकाआधी माणसांचा विचार करावा लागतो.

लाखनी तालुक्यातल्या आमच्या गावचं वाचनालय ‘ड’ वर्गातलं आहे. महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. त्यानुसार मान्यताप्राप्त ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पडतात आणि अनुदान त्या-त्या वर्गाप्रमाणे मिळतं. ‘ड’ ही शेवटची पायरी. आमच्याकडे एक खोली, लोखंडी कपाटं, वर्तमानपत्रांचं लांब टेबल एवढाच संसार आहे. बहुतेक कादंबऱ्यांची एकच प्रत. शहरातला वाचक पुस्तक विकत घेतो आणि सवडीनं वाचतो. इथं महिन्याचं नियोजन म्हणजे एकेका प्रतीचा प्रवास आखणं: आधी कुणाकडे, तिथून कुणाकडे, आणि मध्ये कुणाच्या शेतात रोवणी लागणार आहे.

मी शाळेतून निवृत्त झाल्यापासून हे काम बघते. पद्धत साधी आहे. मनात असलेल्या कादंबऱ्या कपाटातून काढून टेबलावर मांडायच्या आणि प्रत्येकीचं शेवटचं पान उघडायचं. तिथं तारखांची पट्टी चिकटवलेली असते, पुस्तक परत करायच्या तारखांचे शिक्के असलेली. ही पट्टी मी फार लक्ष देऊन वाचते. ‘मृत्युंजय’च्या पट्टीवर दुसरी पट्टी, तिच्यावर तिसरी. पाठ उसवली म्हणून रेक्झिनमध्ये पुन्हा बांधून घेतली, तीही आता सैल झाली आहे. मार्च, एप्रिल, मेचे शिक्के दाटीवाटीनं, एकमेकांवर चढलेले. जुलै-ऑगस्ट जवळपास कोरे. दिवाळीच्या आसपास, कापणी-बांधणीच्या दिवसांत, पुन्हा तसाच कोरा पट्टा. आमच्या गावचं धानाचं सगळं वर्ष त्या बोटभर कागदावर उमटलेलं आहे. एखाद्या जाड कादंबरीच्या पट्टीवर जुलैचा शिक्का आणि तिच्याखाली एकदम नोव्हेंबरचा दिसला, की ती न वाचता परत आली असं मी धरून चालते.

पट्टीनंतर टाइप बघायचा. पावसाळ्यात लाइटचा भरवसा नसतो. बारीक टाइपाची, कागद पिवळा पडलेली प्रत दिवसभर चिखलात वाकून आलेल्या बाईच्या हातात द्यायची नाही. मग बांधणी आणि ओल बघायची. डांबरगोळ्या ठेवल्या तरी पावसाळ्यात कसर लागतेच, आणि पुस्तक लोकांच्या घरांत फिरत राहिलं तर कपाटापेक्षा जास्त टिकतं असं माझं मत आहे.

एवढं झाल्यावर खरी निवड. पुरस्कारांची यादी समोर ठेवून वरून खाली वाचत जाणं मला पटत नाही. त्यात एकापाठोपाठ एक जड पुस्तकं येतात आणि माणसं गळतात. महिन्याला एकच धागा असावा आणि तो आपल्या पायाखालचा असावा. यंदा आम्ही पाणी आणि जमीन हा धागा धरला. पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसीखुर्दचं धरण आहे. १९८८ साली त्याची पायाभरणी झाली आणि पुढं भंडारा-नागपूर जिल्ह्यांतली कितीतरी गावं पाण्याखाली गेली किंवा उठली. पुनर्वसित गावठाणांमधून आमच्याकडे सुना आल्या, आमच्या लेकी तिकडे गेल्या. हा विषय आम्हाला पुस्तकातून समजून घ्यायची गरज नव्हती. पण त्यावर मराठीत केवढी मोठी कादंबरी लिहिली गेली आहे, हे मात्र आमच्या वाचकगटात दोघांनाच माहीत होतं.

विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ १९९१ची, पुढच्याच वर्षी तिला साहित्य अकादमी मिळालं. धरणग्रस्तांचं उठणं, मोबदल्याच्या फायली, पुनर्वसनाची कचेरी असा सगळा व्यवहार तिच्यात आहे. कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’ला २०२३चं अकादमी मिळालं. तिच्यात उठून गेलेला माणूस मागं राहिलेल्या म्हशीसाठी पुन्हा त्या जुन्या मुलखात शिरतो. पहिलीत माणसं खूप, आवाज खूप. दुसरीत एक माणूस, एक जनावर आणि रान. या दोन कादंबऱ्या ह्याच क्रमानं वाचायला हव्यात असा माझा आग्रह आहे. सरकारी मोजणीत काय काय धरलं जातं हे आधी कळलं, की मोजणीतून काय सुटलं हे ‘रिंगाण’मध्ये जास्त लागतं.

पण सुरुवात जड पुस्तकानं करायची नाही. म्हणून पहिली ‘बनगरवाडी’. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ची, लहानशी, वाक्यं छोटी. दिवसाला दहा पानं वाचली तरी सूत सुटत नाही. धनगरांच्या वाडीवर आलेला तरुण मास्तर आणि शेवटी पडलेला दुष्काळ. आमच्याकडे मामा तलाव आणि बोड्या भरून वाहत असताना माणदेशातलं ते कोरडं आभाळ वाचलं, तर एरवीपेक्षा जास्त जवळून दिसेल.

चौथ्या जागेवर बराच वाद झाला. मला उद्धव शेळके यांची ‘धग’ हवी होती. १९६०ची कादंबरी. कौतिक नावाची बाई परिस्थितीशी शेवटपर्यंत झगडते आणि वऱ्हाडी बोली संवादांत पूर्ण ताकदीनं येते. पोलीस भरतीची तयारी करणारा एक मुलगा आमच्या गटात आहे. त्यानं विचारलं, “बाई, वऱ्हाडीत एवढी मोठी कादंबरी हाय, मंग आपल्या झाडीतली कोनती?” मला चटकन उत्तर देता आलं नाही. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीच्या अभ्यासासाठी आणि चळवळीसाठी आयुष्य वेचलं. या बोलीत कविता लिहिली जाते, आणि नाटकाचं तर विचारूच नका, दिवाळीनंतर मंडई भरल्या की गावोगाव रात्रभर प्रयोग चालतात. कादंबरीत मात्र आमची बोली अजून त्या तोलानं आलेली नाही, असं मला वाटतं आणि ते मनाला लागतं. त्यासाठी आधी कादंबऱ्या वाचणारी माणसं गावात हवीत. त्या मुलानं ‘धग’ वाचावी आणि आपल्या आजीची बोली कागदावर कशी उभी राहील याचा विचार करावा, एवढ्यासाठी मी हट्टानं ती यादीत ठेवली.

मग प्रतींचा हिशेब. ‘बनगरवाडी’ आणि ‘धग’ कपाटात आहेत. ‘रिंगाण’ आमच्याकडे नाही. दर महिन्याला दवाखान्यासाठी नागपूरला जाणारे एक काकाजी सीताबर्डीहून आणणार आहेत, पैसे सगळ्यांनी मिळून काढले. ‘झाडाझडती’ची प्रत जाडजूड, म्हणून ती मी महिन्याच्या शेवटाला, रोवणी ओसरल्यावर ठेवली होती. अंगणवाडी सेविका, निवृत्त तलाठी, मग मी, असा क्रम लावला होता.

बचत गटातल्या एक बाई तेवढा वेळ गप्प बसल्या होत्या. त्यांचं माहेर गोसीच्या पाण्यात गेलेलं. स्वतःची तीन एकर धानाची शेती, रोवणीला त्या स्वतः बांधीत उतरतात. त्या म्हणाल्या, “बाई, थे धरनाचं पुस्तक मले पयले द्या जी. बाकीचे मंग वाचतीन.” मी म्हटलं, रोवणीत एवढं मोठं पुस्तक होणार नाही. त्या म्हणाल्या, “होते जी. रातच्याले वाचतो.”

पट्टीचा सगळा अनुभव माझ्या बाजूनं होता. तरीही क्रम बदलला. ‘झाडाझडती’ पंधरा दिवसांच्या नियमाऐवजी महिनाभरासाठी त्यांच्या नावावर टाकली आणि बाकीच्यांनी ‘बनगरवाडी’पासून सुरुवात करायची ठरली. चर्चेची बैठक ऑगस्टमध्ये, रोवणी आटोपल्यावर. नंदा खरे यांची ‘उद्या’ पुढच्या यादीत घ्यायची की नाही, याचा निर्णयही त्याच बैठकीत होईल.