ओठावरचे तापाचे फोड : समजुती आणि वस्तुस्थिती

तापातून उठलेल्या माणसाच्या ओठाच्या कडेला फोडांचा पुंजका दिसला की, अंगातली उष्णता ओठावाटे बाहेर पडली आणि आता ताप गेला, असे बीड जिल्ह्यात उमापूरपासून अंबाजोगाईपर्यंत निःशंकपणे सांगितले जाते. प्रत्यक्षात या फोडांचे कारण उष्णता नसून ‘हर्पिस सिम्प्लेक्स’ नावाचा विषाणू आहे. बहुतेकांच्या शरीरात तो लहानपणीच घरातल्या कोणाच्या लाळेतून किंवा मुक्यातून शिरतो, अनेकदा कोणतेही लक्षण न दाखवता चेहऱ्याच्या संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या मज्जातंतूच्या मुळाशी असलेल्या गाठीत दडून बसतो आणि जन्मभर तिथेच राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार ५० वर्षांखालील सुमारे दोन तृतीयांश लोकांत हा विषाणू आहे; म्हणून फोड आलेल्या माणसाच्या चारित्र्याविषयी कुजबुज करणे निराधार तर आहेच, शिवाय अन्यायाचेही आहे.

दडलेल्या विषाणूला ताप, कडक ऊन, अतिश्रम, मानसिक ताण आणि काही स्त्रियांत मासिक पाळी ही निमित्ते पुन्हा जागे करतात. उमापूर ज्या गेवराई तालुक्यात आहे, त्या भागातून ऊसतोडीला जाणाऱ्या मजुरांच्या वाट्याला यांतली ऊन आणि श्रम ही दोन्ही निमित्ते एकदमच येतात, त्यामुळे डोक्यावरचा रुमाल ओठांवर सावली पडेल इतका पुढे ओढून बांधणे हा त्यांच्यासाठी खरा प्रतिबंध आहे. फोड आला म्हणून ताप उतरला असे मानून रक्त तपासायचे टाळणे मात्र धोक्याचे, कारण तो ताप हिवतापाचा किंवा न्यूमोनियाचाही असू शकतो.

उपचाराविषयीचा मोठा गैरसमज वेळेचा आहे. फोड दिसण्याच्या काही तास ते एक दिवस आधी ओठाची एकच जागा चुणचुणते, खाजते किंवा ताठरते. मग लालसर त्वचेवर टाचणीच्या डोक्याएवढे, पाण्याने भरलेले फोड गटाने उठतात, फुटून ओलसर होतात आणि त्यांवर पिवळसर खपली धरते. ‘असायक्लोव्हिर’ हे विषाणूची वाढ रोखणारे औषध चुणचुण सुरू होताच घेतले तरच उपयोगी पडते. त्याचे मलम दुखणे साधारण अर्ध्या ते एका दिवसाने कमी करते, गोळ्यांचा परिणाम थोडा अधिक असतो, आणि वारंवार त्रास होणाऱ्यांना डॉक्टर त्या आधीच जवळ ठेवायला सांगतात. खपली धरल्यावर आणलेल्या मलमाने विशेष काही साधत नाही, कारण औषध न घेताही फोड बहुधा ७ ते १० दिवसांत बरा होतो. मात्र कोणतेही औषध विषाणूला शरीरातून हुसकावून लावत नाही.

चुना किंवा टूथपेस्ट लावल्याने नाजूक त्वचा भाजते, प्रतिजैविके विषाणूवर चालतच नाहीत, आणि खाजेवर म्हणून विकली जाणारी स्टेरॉइडयुक्त मिश्र मलमे डॉक्टरांना न विचारता लावल्यास संसर्ग पसरू शकतो. स्वच्छ पाण्याने धुऊन साधी पेट्रोलियम जेली लावणे आणि दुखल्यास पॅरासिटामॉल घेणे यांत धोका कमी आहे. कंबरेवर किंवा छातीवर पट्ट्यासारखी उठणारी नागीण हा कांजिण्यांच्या विषाणूचा वेगळा आजार आहे आणि तिची दोन टोके जुळली की माणूस दगावतो या समजुतीला काहीही आधार नाही. तिच्यावर गेरूचा लेप देण्यात दिवस घालवू नयेत, कारण तिची औषधे पहिल्या ७२ तासांत सुरू केल्यास अधिक गुणकारी ठरतात. ओठांचे कोपरे चिरणे हेही निराळे दुखणे आहे.

फोड ओला असताना संसर्ग सर्वाधिक पसरतो, म्हणून त्या काळात मुके घेणे, तोंड लावून पाणी पिणे, टॉवेल वाटून घेणे आणि फोडाला हात लावून डोळा चोळणे टाळावे, कारण बुबुळाला लागण झाल्यास दृष्टी जाऊ शकते. नवजात बाळासाठी तर हा संसर्ग जीवघेणा ठरू शकतो. बारशाला आलेल्या प्रेमळ नातलगाच्या ओठावर फोड असेल, तर त्याला बाळाचा मुका घेऊ न देणे हा उद्धटपणा नव्हे.

दोन आठवड्यांत न भरणारा फोड, डोळ्याची लाली किंवा कॅन्सर वा एचआयव्हीमुळे क्षीण झालेली प्रतिकारशक्ती असल्यास जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे; आणि तंबाखू खाणाऱ्याच्या ओठावरची जखम तीन आठवड्यांनंतरही तशीच राहिली, तर तिला तापाचा फोड न समजता कॅन्सरची तपासणी तातडीने करून घ्यावी.