पत्ता नसलेल्या शहरात

आमच्या खालच्या मजल्यावरची मुलगी पुढच्या महिन्यात दुबईला निघाली आहे. लग्नाला जेमतेम चार महिने झालेत, नवरा तिकडे नोकरीला. परवा संध्याकाळी ती वही-पेन घेऊनच वर आली. म्हणाली, "आंटीजी, आप तो वहाँ रही हो. बताओ ना, क्या-क्या ले जाऊँ?"

"खसखस सोडून काहीही ने," मी म्हटलं.

तिला थट्टा वाटली. पण ही थट्टा नव्हे. संयुक्त अरब अमिरातीत खसखस अमली पदार्थांत मोडते. आईनं प्रेमानं दिलेल्या अनारशांवरची खसखस किंवा मसाल्याच्या डब्यातली पुडी विमानतळावर सापडली, तर प्रकरण थेट कोर्टापर्यंत जाऊ शकतं. तीच गत औषधांची. आपल्याकडे सर्रास घेतली जाणारी काही खोकल्याची आणि दुखण्यावरची औषधं तिथे नियंत्रित यादीत आहेत. डॉक्टरांची चिठ्ठी जवळ हवी आणि नेण्याआधी चौकशी हवीच हवी.

तिनं सगळं लिहून घेतलं. मग कुकर, चकला-बेलन, लोणचं, पापड अशी यादी झाली. वही मिटली, तरी ती उठेना. शेवटी हळूच म्हणाली, "आंटीजी, वहाँ दिल लग जाता है?"

याचं उत्तर एका ओळीत कसं द्यायचं? मी पुन्हा चहा टाकला.

आम्ही मूळचे पुण्याचे. ह्यांच्या नोकरीमुळे १९९९ साली चंडीगढला आलो आणि इथलेच झालो. मी एका शाळेत गणित शिकवत होते. मुलगी इथेच जन्मली. सुखना तलावावर रोज संध्याकाळी फेरी, मे महिन्यात बहाव्यानं पिवळे झालेले रस्ते, शेजारणींकडून शिकलेली मोडकीतोडकी पंजाबी... सगळं छान चाललं होतं. २००८ च्या सुरुवातीला ह्यांना दुबईच्या एका कंपनीचं बोलावणं आलं. पगार इथल्यापेक्षा जवळजवळ तिप्पट. घराचं कर्ज डोक्यावर होतं. 'पाच वर्षं जाऊ, कर्ज फेडू, परत येऊ' असं ठरलं. आखातात जाणारं प्रत्येक कुटुंब हेच वाक्य म्हणतं, हे मला नंतर कळलं!

कागदांची वरात

हे एप्रिलमध्ये पुढे गेले. आमचा व्हिसा व्हायचा होता, आणि तिथे पहिली ठेच लागली. आमच्या लग्नाचा दाखला आम्ही कधी काढलाच नव्हता. अल्बम होता, पत्रिका होती, सासूबाईंच्या स्मरणात कोणी काय आहेर केला तेही होतं; पण मी ह्यांची बायको आहे हे सांगणारा सरकारी कागद नव्हता. तो काढला. मग त्यावर शिक्के. दाखला ज्या राज्यात निघाला त्या राज्याचा शिक्का, मग दिल्लीत परराष्ट्र मंत्रालयाचा, मग अमिरातीच्या दूतावासाचा, आणि दुबईत पोचल्यावर पुन्हा तिथल्या परराष्ट्र खात्याचा. लग्न पुण्याचं म्हणून तो कागद मुंबईला मंत्रालयात गेला. मुलीचा जन्म चंडीगढचा म्हणून तिचा दाखला इथल्या प्रशासनाकडे. सासऱ्यांनी त्या वयात मुंबईच्या तीन खेपा घातल्या. नव्यानं निघणाऱ्यांना मी एवढंच सांगेन, तिकिटाच्या आधी दाखल्यांचं बघा, आणि प्रत्येक कागदाच्या चार-चार झेरॉक्स काढून ठेवा.

मी शाळेचा राजीनामा दिला. दुबईत पोचल्यावर रक्ततपासणी झाली, छातीचा एक्स-रे झाला, आणि काही दिवसांनी पासपोर्टवर निवासाचा व्हिसा चिकटून आला. त्यावर पुरस्कर्ता म्हणून नवऱ्याचं नाव, आणि माझा पेशा: गृहिणी. नोकरी करायची तर नवऱ्याचं ना-हरकत पत्र आणि वेगळा परवाना. दहा वर्षं 'मॅडम, मॅडम' ऐकलेल्या बाईला तो एक शब्द किती वेळ बघावासा वाटला, काय सांगू! तरी मी नशीबवानच. कुटुंब आणायला तिथे ठरावीक पगार लागतो. तेवढा नसलेले लाखो पुरुष वर्षानुवर्षं खोल्यांत एकावर एक खाटा लावून राहतात आणि बायकामुलांना दोन वर्षांतून एकदा भेटतात.

गार पाण्याचा गरम नळ

ऑगस्टच्या एका रात्री आम्ही मायलेकी उतरलो. तेव्हा चंडीगढहून परदेशी विमान नव्हतं (ते २०१६ मध्ये सुरू झालं), दिल्ली गाठावी लागे. विमानतळाच्या दारातून बाहेर पाऊल टाकलं आणि चष्म्यावर धुकं आलं. रात्रीचे अकरा वाजलेले, आणि हवा इडलीपात्राचं झाकण उघडावं तशी!

घर करामा भागात, एका बेडरूमचं. सकाळी मी गार पाण्याचा नळ सोडला आणि हात भाजला. गच्चीवरच्या टाक्या उन्हानं तापलेल्या असतात. शेजारच्या केरळी बाईंनी युक्ती सांगितली: उन्हाळाभर गिझर बंद ठेवायचा, त्यात साठलेलं पाणी घरात राहून निवतं, म्हणून गार पाणी हवं असेल तर गरम नळ सोडायचा! माझी मुलगी पुढे कित्येक महिने आल्यागेल्याला हे मोठ्या अभिमानानं समजावून सांगत असे.

मग आईला पत्र लिहायला बसले आणि अडले. पत्ता काय लिहू? आम्ही चंडीगढची माणसं. घर नंबर आणि सेक्टर सांगितला की अंध माणूसही पोचावा, असं ल कॉर्बुझिएनं आखून दिलेलं शहर. इथे इमारतीला नाव होतं, पण दारात पोस्टमन येत नव्हता. टपाल येई ते ह्यांच्या कंपनीच्या पोस्ट बॉक्सवर. कुणाला घरी बोलवायचं तर 'मासळी बाजाराच्या मागे, औषधाच्या दुकानाच्या वर' असं सांगायचं. इमारतींना ओळख-क्रमांक देण्याची 'मकानी' पद्धत पुढे बऱ्याच वर्षांनी आली.

सप्टेंबरच्या १ तारखेला रमजान सुरू झाला आणि ३ तारखेला गणेश चतुर्थी. रोज्याच्या वेळात बाहेर पाणीसुद्धा प्यायचं नाही, हा तेव्हाचा दंडक. मुलीची बाटली पिशवीत खाली दडपून मी फुलं आणायला निघाले. टॅक्सीवाला सियालकोटचा निघाला. माझं हिंदी ऐकून त्यानं विचारलं, कुठल्या? मी चंडीगढ म्हटल्याबरोबर त्यानं जी पंजाबी सुरू केली ती थांबेना. पुण्याची मी, पाकिस्तानच्या माणसाशी अरबांच्या देशात पंजाबीत बोलत होते, आणि गेल्या महिन्याभरात पहिल्यांदा कुणीतरी मनमोकळं बोललं म्हणून माझे डोळे भरून आले होते. मूर्ती छोटीशीच होती. विसर्जन बादलीत केलं.

सुट्टीचा घोळ निराळाच. तेव्हा तिथे शुक्रवार-शनिवार सुट्टी, रविवार कामाचा. (जानेवारी २०२२ पासून सरकारी कचेऱ्यांना शुक्रवारी अर्धा दिवस आणि शनिवार-रविवार सुट्टी झाली.) पुण्याहून रविवारी सकाळी निवांत फोन यायचा, तेव्हा माझी शाळेच्या बससाठी धावपळ!

त्या दिवसांतला माझा आधार म्हणजे कोपऱ्यावरचा बकाला. बकाला म्हणजे किराणा दुकान. फोन केला की पावाची लादीसुद्धा वर आणून देतात. गल्ल्यावर एक साठीचे गृहस्थ बसत. मी मुलीला मराठीत रागावले आणि ते हसून म्हणाले, "पुण्याकडच्या काय हो, बाय?" ते खेडचे. कोकणातल्या मुसलमान वस्तीतली कित्येक घरं पिढ्यान्‌पिढ्या आखातावर चाललेली, त्यांतलंच हे एक. त्यांचे वडील बोटीनं आले होते, तेव्हा दुबईत आपला रुपयाच चाले. रिझर्व्ह बँकेनं आखातासाठी १९५९ मध्ये वेगळ्या नोटा काढल्या होत्या. १९६६ च्या अवमूल्यनानंतर ते थांबलं. चाचांनी खेडला दुमजली घर बांधलं होतं. त्यात ते आजवर सलग दोन महिन्यांपेक्षा जास्त राहिले नव्हते.

चेकची तारीख

आता जे सांगते ते मी माझ्या आईलाही तीन वर्षं सांगितलं नव्हतं.

दुबईत घरभाडं महिन्याच्या महिन्याला देत नाहीत. वर्षाचं भाडं पुढच्या तारखांच्या चेकांनी आधीच मालकाच्या हाती द्यायचं. आमचे चार चेक होते. तीन वटले. चौथ्यावर तारीख होती १५ फेब्रुवारी २००९.

२००८ च्या शेवटी जगभरच्या मंदीनं दुबईला गाठलं. बांधकामांवरच्या क्रेन थांबल्या. विमानतळावर गाड्या सोडून लोक देश सोडून गेल्याच्या कहाण्या रोज ऐकू येत. आमच्या घरात मात्र सगळं जागच्या जागी होतं. हे रोज सातला निघत, सहाला येत. मी शाळेच्या बसची फी मागितली की "पुढच्या आठवड्यात" म्हणत. तिसऱ्यांदा तसं म्हणाले, त्या रात्री मला जाग आली तर हे स्वयंपाकघरात अंधारात बसलेले, समोर कॅल्क्युलेटर.

तीन महिन्यांचा पगार झालेला नव्हता. चेक वटायला सहा हजार दिर्हम कमी पडत होते. आणि तेव्हाच्या कायद्यात चेक परत जाणं हा फौजदारी गुन्हा होता. पोलीस, कोठडी, प्रवासबंदी. (जानेवारी २०२२ पासून खात्यात पैसे नाहीत म्हणून परत गेलेला चेक बहुतांशी गुन्हा राहिलेला नाही, पण वसुलीची कारवाई आता आणखी झटपट होते.) बरं, नोकरी सोडून परत जावं, तर व्हिसा रद्द झाल्यावर महिन्याभरात गाशा गुंडाळायचा, आणि मालकाच्या खणात तो चेक तसाच!

मला राग आला. तीन महिने हा माणूस एकटा मोजत बसला होता आणि मी त्याच्यासमोर बसून नवीन पडद्यांबद्दल बोलत होते. रात्रभर आम्ही भांडलो, अगदी कुजबुजत, मुलगी उठू नये म्हणून.

शुक्रवारी खाडी ओलांडून देऱ्याला गेलो. लाकडी अब्रा नावेचं भाडं माणशी १ दिर्हम. सोन्याच्या बाजारात जगभरचे पर्यटक दागिने विकत घेत होते आणि मी सहा तोळ्यांच्या पाटल्या-बांगड्या काट्यावर ठेवल्या. घडणावळ गेली, सोन्याचे पैसे आले. दुकानदार गुजराती होता. त्यानं काही विचारलं नाही. पैसे मोजताना फक्त पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. १५ तारखेला चेक वटला.

त्यानंतरचे दोन महिने आम्ही चाचांच्या वहीवर जेवलो. पीठ, तेल, कांदे, दूध, सगळं उधार. मी खाली मान घालून उभी राहिले की ते म्हणत, "पैसे कुठं पळत नाहीत, बाय. पगार झाला की द्या." दुकान त्यांचं नव्हतं, मालक वेगळा. वहीतली तूट त्यांच्याच पगारातून कापली जायची, हे मला सगळे पैसे फेडून झाल्यावर दुसऱ्याच कुणाकडून कळलं.

पुढचं थोडक्यात. एप्रिलमध्ये अर्धा पगार मिळाला, जूनमध्ये ह्यांचा विभागच बंद झाला. उरलेल्या पैशांवर पाणी सोडलं तेव्हा कंपनीनं ना-हरकत पत्र दिलं, कारण त्याशिवाय दुसरीकडे नोकरी घेता येत नव्हती. नवी नोकरी मिळाली. पगार बँकेमार्फतच जमा करून सरकारला त्याची नोंद दिसेल, अशी व्यवस्था अमिरातीनं २००९ मध्येच आणली. मला पुढच्या वर्षी शाळेत काम मिळालं. ९ सप्टेंबर २००९ ला दुबईची मेट्रो सुरू झाली, तेव्हा एका शुक्रवारी आम्ही तिघं नुसतीच बसून फिरून आलो, खिडकीला नाक लावून. पाच वर्षांची नऊ झाली. २०१७ मध्ये चंडीगढला परतलो. पाटल्या मी पुन्हा केल्या, वजनाला जास्तच आहेत. पण त्या आईच्या नव्हेत.

चाचा २०१४ मध्ये खेडला परतले. पावसाळ्यात त्यांचा फोन येतो. घरात दोन खोल्या गळतात म्हणून तक्रार करतात आणि खूश असतात.

हे सगळं मी त्या मुलीला सांगितलं, पाटल्यांसकट. ती बराच वेळ गप्प होती. मग मी म्हटलं, "बेटा, आज नवऱ्याचा फोन आला की एवढंच विचार, भाड्याचे चेक किती आणि कुठल्या कुठल्या तारखांचे."

काल तिची आई वर आली. लेकीबरोबर द्यायला पिन्नी केली होती आणि त्यात खसखस होती. ती तिनं घरी ठेवली, आता नव्यानं करणार आहे. मागोमाग मुलगी आली. "पहले तो वो हँसने लगे, आंटीजी. फिर चुप हो गए. फिर बता दिया," असं म्हणून तिनं वही उघडून दाखवली. पिन्नी, लोणचं, डॉक्टरांची चिठ्ठी, आणि त्याखाली तीन तारखा. त्यांतल्या एकीभोवती तिनं गोल काढला होता.