प्रेम की मोह? कथेतील जोडप्यांकडे पाहताना

चैत्र लागला की जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत गावोगावच्या यात्रा सुरू होतात. त्याआधीच नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या पडलेल्या असतात आणि यात्रेची मंडळी सुपारी देण्यासाठी तेथे येऊन जातात. गण झाला, गवळण झाली, लावण्या झाल्या, की उत्तररात्री वग रंगतो. विठाबाई नारायणगावकरांच्या या भूमीतील माणसांनी प्रेमाच्या कथा अशा एकत्र बसून पिढ्यान्‌पिढ्या पाहिल्या. आजची आपली मुले त्या मोबाइलवर एकेकटी पाहतात, एवढाच काय तो फरक.

विवाहपूर्व मार्गदर्शनाच्या वर्गात मला एक गोष्ट नेहमी जाणवते. समोर बसलेल्या तरुण-तरुणींना त्यांच्या स्वतःच्या प्रेमाविषयी विचारले तर ते खाली पाहतात. परंतु आर्ची आणि परश्याविषयी विचारले तर सर्वांना एकदम वाचा फुटते. परक्याच्या कथेतून स्वतःविषयी बोलणे सोपे जाते. म्हणूनच, प्रिय वाचकहो, कथेतील प्रेम कोणते आणि केवळ मोह कोणता हे ओळखण्याचा सराव निरर्थक मानू नये.

पहिली अडचण अशी की आरंभी दोन्ही अगदी सारखेच दिसतात. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनांचा शिलालेख आहे. त्याच घराण्यातील हाल राजाच्या नावावर ‘गाथासप्तशती’ हा माहाराष्ट्री प्राकृतातील सुमारे ७०० गाथांचा संग्रह सांगितला जातो. घाट ओलांडून दूर गेलेले प्रवासी आणि घरी वाट पाहणाऱ्या स्त्रिया त्यात वारंवार भेटतात. एका गाथेतील विरहिणी पती गेल्याचे दिवस मोजण्यासाठी भिंतीवर रेघा ओढू लागते आणि पहिल्याच दिवसाच्या पूर्वार्धात सारी भिंत भरून टाकते. किती उत्कट! परंतु हे प्रेम की मोह, हे त्या अर्ध्या दिवसावरून कोण सांगणार? उत्कटता हे माप येथे उपयोगी पडत नाही. मोहसुद्धा जेवण-झोप विसरायला लावतो, किंबहुना अधिकच.

म्हणून मी ‘सैराट’ या नागराज मंजुळे यांच्या २०१६ सालच्या चित्रपटाकडे वळतो. त्याची गाणी सर्वांच्या ओठांवर आहेत; परंतु ती बहुतेक पूर्वार्धातील आहेत. विहीर, ऊस, मंदगतीने धावणारा परश्या हे सारे पाहणाऱ्याला भुरळ घालते. खरी परीक्षा हैदराबादच्या झोपडपट्टीत सुरू होते. पाटलाच्या वाड्यात वाढलेल्या, बुलेट चालवणाऱ्या आर्चीला तेथील दुर्गंधी सोसत नाही. ती रडते, तिला घर आठवते. परश्याच्या मनात संशय शिरतो, तो तिच्यावर हात उचलतो आणि ती गाडीत बसून निघून जाते. तेथे मोह संपतो. चित्रपट पुढे गेला म्हणून आपल्याला कळते, की ती परत येते, दोघे संसार उभा करतात, त्यांना मूल होते. शेवट किती भीषण आहे हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्या हत्येने त्यांचे प्रेम सिद्ध होत नाही. ते सिद्ध झाले असेल तर त्याआधीच, त्या साध्या स्वयंपाकघरात. ‘जीव दिला म्हणजे प्रेम खरे’ ही समजूत आपल्या तरुणांच्या मनातून काढायलाच हवी. परश्याही एका क्षणी गळफास घ्यायला निघतो, तो प्रेमापोटी नव्हे, असे माझे मत आहे.

व्ही. शांताराम यांच्या ‘पिंजरा’ (१९७२) मध्ये हे चित्र उलटे दिसते. तमाशाला विरोध करणाऱ्या गुरुजींना खाली खेचायचे, या सूडबुद्धीनेच चंद्रकला सुरुवात करते. गुरुजी मोहात सापडतात. आपण कोण होतो हेच ते गमावून बसतात. परंतु सूडाने आरंभ करणाऱ्या चंद्रकलेच्याच मनात पुढे खरी माया उपजते. म्हणजे आरंभ कलंकित होता म्हणून शेवट खोटा, असेही म्हणता येत नाही. वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’ (१९५९) मध्ये मात्र शंकेला जागा नाही. सुखासाठी जो राजा पोटच्या मुलाचे तारुण्य मागतो, त्याच्या वासनेची किंमत दुसराच मोजत असतो. शर्मिष्ठा स्वतः मोजते. कोणतीही प्रेमकथा पाहताना हा हिशेब मनाशी मांडून पाहावा.

ख्रिस्तसभेचा कायदाही भावनेची तीव्रता विचारत नाही. कलम १०५७ नुसार विवाहाची संमती ही इच्छाशक्तीची कृती आहे; वेदीसमोर वधूवरांना ‘तुम्हाला काय वाटते’ असे नव्हे, तर ‘तुम्ही स्वेच्छेने आला आहात का’ असे विचारले जाते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांचे ‘आमोरिस लेतित्सिया’ हे प्रबोधनपत्र ८ एप्रिल २०१६ रोजी प्रसिद्ध झाले, आणि योगायोग असा की तीनच आठवड्यांनी, २९ एप्रिलला, ‘सैराट’ पडद्यावर आला. त्या पत्राच्या चौथ्या अध्यायात संत पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रातील तेराव्या अध्यायाचे शब्दशः विवेचन आहे. तेथे प्रेमाचे पहिले लक्षण सहनशीलता हे दिले आहे, आणि मारहाण किंवा अपमान निमूटपणे सोसत राहणे म्हणजे सहनशीलता नव्हे, असेही पोप महोदयांनी स्पष्ट केले आहे. हे वाक्य मी वर्गात दोनदा सांगतो, विशेषतः मुलींसाठी.

मग मी विचारतो: आर्ची परत का आली? कोणी म्हणतो, जायला घरच उरले नव्हते म्हणून. कोणी म्हणते, त्याच्यावाचून तिला करमेना म्हणून. आणि त्याने हात उचलल्यावर तिने परत यायला हवे होते का, असे मागच्या बाकावरून कोणी विचारले, की वर्गाची वेळ संपली तरी कोणी उठत नाही.