पेरणीआधी बियाण्याची झडती

संकरित कपाशीचे बियाणे माणसाच्या बोटांवर तयार होते. सायंकाळी, दुसऱ्या दिवशी उमलणारी कळी हेरायची, नखाने पाकळ्यांसकट परागकोष काढून टाकायचे आणि कळी झाकायची. सकाळी नर वाणाचे फूल आणून त्याचे पराग तिच्यावर फिरवायचे. १९७० साली सुरतला डॉ. सी. टी. पटेल यांनी 'एच-४' हा कपाशीचा पहिला व्यापारी संकर दिला. तिथून ही पद्धत रुळली. पण एखादा परागकोष आत राहिला, तर मादी झाड स्वतःच्याच परागाने बी धरते. दिसायला ते बी अगदी तसेच असते; संकराचा जोम मात्र त्यात नसतो.

प्रमाणित संकरित कपाशीत किमान ९० टक्के आनुवंशिक शुद्धता लागते. ती ठरवण्याचा जुना मार्ग म्हणजे 'ग्रो-आउट टेस्ट'. नमुन्याचे बी लावायचे आणि झाडन् झाड ताडून पाहायचे. यात हंगाम जातो, माल गोदामात अडकतो, आणि हवामानाने झाडांची लक्षणे बदलली की पारख डळमळते.

डीएनए मार्करला रोपाचे कोवळे पान पुरते. पान वाटून डीएनए वेगळा करतात. डीएनएच्या लिपीत काही अक्षरे लागोपाठ पुन्हा पुन्हा येतात, 'जीए-जीए-जीए' अशी. किती वेळा, ते वाणागणिक बदलते; हीच वाणाची खूण, म्हणजे मार्कर. पीसीआर यंत्र सुमारे ९४ अंशांपर्यंत तापवत आणि पुन्हा निववत नेमक्या त्याच तुकड्याच्या असंख्य प्रती काढते. मग जेलमधून वीज सोडली की लहान तुकडे पुढे पळतात, मोठे मागे राहतात. अतिनील प्रकाशात मादीचा पट्टा एका जागी दिसतो, नराचा दुसऱ्या. खऱ्या संकरात दोन्ही असतात. नुसता मादीचा दिसला, तर ते बी स्वपरागाचे. निकाल काही दिवसांत हाती येतो.

गुलाबाची कलमे चोरून वाढवली, तर वाण कोणाचे हे ठरवायलाही हीच पद्धत कामी येते. नेदरलँड्समधील वागेनिंगेनच्या संशोधकांनी २००३ मध्ये कटफ्लॉवर गुलाबाची वाणे अशा मार्करांनी वेगळी ओळखून दाखवली. अडचण आली ती उत्परिवर्तनाने झालेल्या वाणांची. फांदीवर अचानक वेगळ्या रंगाचे फूल येते, तिची कलमे होतात. पण मार्करला ते वाण आणि मूळ झाड सारखेच दिसते. तिथे फुलाकडेच पाहावे लागते.

कपाशीत मात्र फुलापर्यंत थांबणे परवडत नाही. भेसळ कळेपर्यंत कोरडवाहू शेतकऱ्याचा हंगाम हातचा गेलेला असतो, आणि भरपाईच्या पैशाने पेरणीची वेळ परत येत नाही. म्हणून ही तपासणी पिशवी शिवण्याआधी, प्रत्येक लॉटची झाली पाहिजे.