केसभर वाकडेपण

ऑलिंपिकमधल्या पन्नास मीटर रायफल नेमबाजीत दहा गुणांचे वर्तुळ केवढे असते? व्यास १०.४ मिलिमीटर, सदऱ्याच्या बटणाएवढा. आणि अंतर क्रिकेटच्या अडीच खेळपट्ट्यांइतके! १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये याच प्रकारात स्वप्नील कुसाळेने ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले. गाव कोल्हापूर जिल्ह्यातले कांबळवाडी, पण नेमबाजीचे धडे गिरवले ते नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या हेलसिंकीतील पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूने मिळवलेले हे दुसरे वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

जिथे गुणाचा दहावा हिस्साही मोजला जातो, तिथे नजर आणि श्वास यांच्या जोडीला आणखी एका गोष्टीची साथ लागते. ती म्हणजे काडतूस.

काडतूस म्हणजे पितळी पुंगळी, आत दारू आणि पुंगळीच्या मानेत बसवलेली गोळी. पुंगळीचा आणि गोळीचा आस एकच हवा. मान किंचित कलली, तर गोळी नळीत तिरपी शिरते आणि गरगरत बाहेर पडताना सरळ वाट सोडते. आर वाकडी बसलेला भोवरा कसा डुलतो, ते आठवा.

हा दोष शोधायचा कसा? सातपूर-अंबडच्या कुठल्याही फिटरला विचारा. लेथवरचा जॉब 'आउट' फिरतोय का, हे तो डायल गेज लावून पाहतो. इथेही तेच. काडतूस दोन आधारांवर ठेवायचे, गेजचा काटा गोळीच्या टोकाजवळ टेकवायचा आणि काडतूस हळूच फिरवायचे. काटा जेवढा हलेल, तेवढे वाकडेपण. कागदाच्या निम्म्या जाडीएवढा फरकही चोखंदळ नेमबाजाला खुपतो.

पण वाकडे आहे एवढे कळून भागत नाही. ते कुठे शिरले, हे शोधावे लागते. म्हणून प्रत्येक पायरीनंतर मोजायचे. झाडलेली पुंगळी सरळ आहे, पण साच्यातून काढल्यावर मान कलली? मग दोष साच्यात, किंवा मानेतून ओढल्या जाणाऱ्या गोलकात. तिथवर सारे सरळ आणि गोळी बसवल्यावरच बिघडले? मग गोळी दाबणारा दांडा तिच्या टोकाशी नीट जुळत नाही, किंवा मानेची जाडी एकसारखी नाही.

परदेशातले अनेक नेमबाज काडतुसे स्वतः भरतात. आपल्याकडे मात्र १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार दारूगोळा बनवायला परवाना लागतो. हा घरी करून पाहण्याचा उद्योग नव्हे. शिवाय ऑलिंपिकच्या पॉइंट टू टू काडतुसाचा स्फोटक मसाला बुडाच्या कडेतच असल्याने ते पुन्हा भरताच येत नाही. मग नेमबाज काय करतो? निरनिराळ्या लॉटची काडतुसे आपल्याच रायफलीतून झाडून पाहतो आणि ज्याच्या गोळ्या सर्वांत जवळजवळ बसतील, तो लॉट निवडतो.

एक मात्र खरे. नेम चुकला की दरवेळी दोष काडतुसाचाच असतो असे नाही. वारा असतो, थरथरलेला खांदा असतो, घाईने ओढलेला घोडा असतो. मोजण्याचा खरा फायदा हाच, की काडतूस निर्दोष निघाले तर शोध निमूटपणे स्वतःकडे वळवावा लागतो. मैदानावर घडणाऱ्या मुलांना पदकाच्या कितीतरी आधी मिळणारी ही शिदोरी आहे.