चुन्याचा कण आणि डोळ्याचे मोल

नवरात्र जवळ आले की केडगावात रेणुकामातेच्या उत्सवाची लगबग सुरू होते आणि घरोघरी साफसफाई निघते. डिस्टेंपरच्या जमान्यातही गोठ्याला, कुंपणाच्या भिंतीला चुना लागतोच. डाळिंबाच्या बागेत बोर्डो मिश्रणासाठी मोरचुदाबरोबर चुना असतो. तंबाखूबरोबरची चुन्याची ट्यूब तर कित्येकांच्या खिशात असते. इतक्या ओळखीच्या वस्तूचे भय वाटत नाही. परंतु हाच चुना डोळ्यात गेला तर कायमचे अंधत्व येऊ शकते. ट्यूब किंवा पुडी दाबून खेळताना ती फुटून मुलांच्या डोळ्यांना इजा होते, हे नेत्रतज्ज्ञांच्या परिचयाचे आहे.

चुना एवढा दाहक का, हे समजण्यासाठी थोडा हिशेब करू. पदार्थ आम्ल आहे की अल्कली, हे 'सामू' म्हणजे पीएच या अंकावरून ठरते. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ सोरेनसेन यांनी 1909 साली ही पद्धत मांडली. शुद्ध पाण्याचा सामू 7, तर आपल्या रक्ताचा व अश्रूंचा सुमारे 7.4 असतो. 7 च्या वर अल्कली.

कॉस्टिक सोडा ही तीव्र अल्कली आहे. पाण्यात ती पूर्णपणे विघटित होते, म्हणून तिचा हिशेब सोपा. तिचा रेणुभार 40. एक लिटर द्रावणात 4 ग्रॅम सोडा असेल, तर 4 भागिले 40, म्हणजे 0.1 मोल झाले. या 0.1 चा लॉग उणे 1. चिन्ह बदलून आलेला 1 हा 14 मधून वजा केला की सामू 13. तेवढाच सोडा 10 लिटरमध्ये असेल तर 12, 100 लिटरमध्ये 11 आणि गच्चीवरच्या 1000 लिटरच्या टाकीत 10. पाणी दहापट केले तर अंक फक्त एकाने उतरतो! म्हणूनच डोळ्यावर पाण्याचे दोन हबके मारून भागत नाही.

चुन्याचे दुखणे आणखी वेगळे आहे. एक लिटर पाण्यात चुना जेमतेम दीड ग्रॅम विरघळतो, तरीही त्या निवळीचा सामू साडेबाराच्या आसपास जातो. उरलेला चुना कणरूपाने तसाच राहतो. असा कण पापणीखाली अडकला की अश्रूंनी थोडा चुना वाहून जातो, तेवढ्यात कणातून नवा विरघळतो. कण आहे तोवर अंक खाली येत नाही.

आम्लाने डोळ्यातील प्रथिने साकळतात आणि आम्लाची पुढची वाट काही अंशी अडते. अल्कली मात्र पेशींतील स्निग्धांशाचा साबण करीत आत शिरते. बुबुळावरचा पारदर्शक पडदा त्यामुळे पांढरा पडू शकतो.

तातडीने काय करावे?

डोळा चोळू नये. पापण्या बोटांनी उघड्या धरून स्वच्छ पाण्याची धार लगेच सुरू करावी आणि किमान अर्धा तास चालू ठेवावी. डोळा फिरवायला सांगावे. दिसणारे कण ओल्या स्वच्छ कापडाच्या टोकाने अलगद टिपावेत. नंतर, जमल्यास वाटेतही पाणी सोडत, नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे. वरची पापणी उलटवून दडलेले कण काढणे हे त्यांचेच काम. चुन्याची ट्यूब किंवा पुडी सोबत न्यावी.

तूप, मध, दूध काहीही घालू नये. आम्लाने अल्कली मरते म्हणून लिंबू पिळणे तर घातकच. त्या क्रियेत उष्णता निर्माण होते आणि इजा वाढते. कॉस्टिक सोडा पोटात गेल्यास उलटी करवू नये, कारण अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते. रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

कळीचा चुना भिजवताना तो उकळतो व उडतो. अशा वेळी मुलांना दूर ठेवावे, डोळ्यांवर चष्मा असावा आणि जवळ स्वच्छ पाण्याची भरलेली बादली असावी. खिशातली चुन्याची ट्यूब घरी येताच उंच फळीवर ठेवावी. ती मुलांचे खेळणे नव्हे.